वंडरवॉल म्युझिक

वंडरवॉल म्युझिक हा इंग्लिश संगीतकार जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) यांचा १९६८ साली प्रकाशित झालेला, मुख्यतः वाद्यसंगीताचा अल्बम आहे. 'वंडरवॉल' या चित्रपटाच्या पार्श्वसंगीतासाठी त्याची निर्मिती झाली. 'बीटल्स' या जगप्रसिद्ध वाद्यवृंदातील सदस्याने स्वतःच्या नावाने काढलेला हा पहिला अल्बम, तसेच बीटल्सनी स्थापन केलेल्या 'ॲपल रेकॉर्ड्स' या कंपनीचा पहिला दीर्घमुद्रिका-स्वरूपातील अल्बम होय. हिंदुस्थानी रागसंगीत, सनईसारख्या लोकवाद्यांचा नाद, पाश्चात्त्य लोकधर्तीच्या चाली आणि त्या काळातील 'सायकेडेलिक' रॉक यांचे मिश्रण त्यात आढळते. अल्बमचा महत्त्वाचा भाग जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या फोर्ट भागातील एच.एम.व्ही. स्टुडिओत, भारतीय वादकांच्या साथीने ध्वनिमुद्रित झाला. त्यामुळे पाश्चात्त्य रॉकच्या इतिहासाइतकाच हा अल्बम मुंबईच्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाचाही विषय आहे.

पार्श्वभूमी

हॅरिसन यांनी सतार प्रथम 'नॉर्वेजियन वुड' या बीटल्सच्या गीतात वाजवली. ते गीत डिसेंबर १९६५ मध्ये प्रकाशित झाले. त्या वेळी त्यांना सतारीची बैठक वा मिजराबीचे बोल यांचे शिक्षण नव्हते, आणि हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. १९६६ साली त्यांची पंडित रविशंकर यांच्याशी लंडनमध्ये भेट झाली. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ते पत्नी पॅटी यांच्यासह मुंबईत आले आणि ताजमहाल हॉटेलात उतरले. त्यांच्या वास्तव्याची बातमी फुटताच हॉटेलबाहेर चाहत्यांची गर्दी झाली, आणि शिक्षण सुरळीत चालावे म्हणून गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले. या सुमारे सहा आठवड्यांच्या मुक्कामात रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांनीही हॅरिसन यांना सतारीचे धडे दिले. दीड वर्षाने मुंबईत झालेल्या ध्वनिमुद्रणात शंभू दास सहभागी होते.

'वंडरवॉल'पूर्वी हॅरिसन यांनी बीटल्ससाठी दोन गीते पूर्णपणे भारतीय वाद्यांच्या आधारावर बांधली होती. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' या अल्बममधील 'लव्ह यू टू' या गीताला लंडनस्थित अनिल भागवत यांनी तबल्याची साथ केली आणि त्यांचे नाव वेष्टनावर छापले गेले. पुढच्या वर्षीच्या 'सार्जंट पेपर' या अल्बममधील 'विदिन यू विदाउट यू' या गीतात मात्र दिलरुबा, तंबोरा आणि तबला वाजवणाऱ्या भारतीय वादकांची नावे मूळ वेष्टनावर आली नाहीत. वादकाचे नाव छापले जाणे ही बाब किरकोळ वाटू शकते. परंतु ज्या संगीतात वादक हाच मोठ्या प्रमाणात रचनाकार असतो, त्या संगीताच्या बाबतीत ती तशी नाही. 'वंडरवॉल म्युझिक'चा विचार करताना हा प्रश्न पुन्हा समोर येतो.

चित्रपट आणि निर्मितीची योजना

'वंडरवॉल' हा जो मॅसोट यांनी दिग्दर्शित केलेला ब्रिटिश चित्रपट आहे. त्यात जॅक मॅकगाउरन यांनी ऑस्कर कॉलिन्स या एकाकी, वयस्क शास्त्रज्ञाची, तर जेन बर्किन यांनी शेजारच्या घरात राहणाऱ्या मॉडेल युवतीची भूमिका केली आहे. शास्त्रज्ञाला आपल्या घराच्या भिंतीत एक छिद्र सापडते. त्यातून दिसणाऱ्या रंगीबेरंगी जगात तो हळूहळू गुंतत जातो. कथा एवढीच, संवाद अल्प. त्यामुळे चित्रपटाचा मोठा भार संगीतावर पडतो. भिंतीच्या अलीकडचे करडे जग आणि पलीकडचे स्वप्नवत जग यांतील भेद ऐकू यावा, ही संगीतकाराकडून अपेक्षा होती.

मॅसोट यांनी विचारणा केली तेव्हा आपल्याला चित्रपटसंगीताचा अनुभव नाही, असे हॅरिसन यांनी सांगितले. 'तुम्ही जे द्याल ते मी वापरीन' असा शब्द मॅसोट यांनी दिल्यावर त्यांनी काम स्वीकारले. पडद्यावर दृश्य पाहावे, हातातील घड्याळावर त्याची लांबी सेकंदांत मोजावी आणि तेवढ्याच लांबीचे संगीत तयार करावे, अशी त्यांची पद्धत होती. अल्बममधील अनेक तुकडे एकदोन मिनिटांतच संपतात, याचे कारण हेच. ठरलेल्या रकमेपेक्षा कितीतरी अधिक खर्च झाला आणि त्याचा भार हॅरिसन यांनी स्वतः उचलला. या निमित्ताने पाश्चात्त्य तरुण श्रोत्यांना भारतीय संगीताचा एक छोटा संग्रहच ऐकवावा, असा त्यांचा हेतू होता.

ध्वनिमुद्रणाला नोव्हेंबर १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरुवात झाली. जॉन बारहॅम या पियानोवादकाने स्वरलेखन आणि वाद्यवृंद-संयोजन यांत साहाय्य केले. बारहॅम यांनी त्याआधी रविशंकर यांच्यासोबत काम केले होते. भारतीय चाल पाश्चात्त्य स्टाफ-लिपीत उतरवण्याची हातोटी त्यांच्याकडे होती. हॅरिसन गुणगुणत किंवा वाजवून दाखवत आणि बारहॅम लिहून घेत.

मुंबईतील ध्वनिमुद्रण

७ जानेवारी १९६८ रोजी हॅरिसन लंडनहून मुंबईकडे निघाले. ९ जानेवारीपासून काही दिवस फिरोजशहा मेहता मार्गावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीतील एच.एम.व्ही. स्टुडिओत काम चालले. ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया ही लंडनच्या ई.एम.आय. कंपनीच्या समूहातील भारतीय कंपनी असल्याने हा स्टुडिओ बीटल्सच्या दृष्टीने एका अर्थी घरचाच होता.

सोयी मात्र घरच्यासारख्या नव्हत्या. लंडनमध्ये बीटल्स तेव्हा चार मार्गांच्या ध्वनिमुद्रकावर काम करत असत, म्हणजे चार वेगवेगळे नाद स्वतंत्रपणे नोंदवून नंतर त्यांचा समतोल साधता येत असे. मुंबईच्या स्टुडिओत एकमार्गी, म्हणजे 'मोनो', ध्वनिमुद्रणाची सोय होती. कंपनीचे प्रमुख भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून दोन मार्गांचे यंत्र रेल्वेने मुंबईला आणवले. पुढे याच मेनन यांनी ई.एम.आय.च्या जागतिक व्यवसायाचे नेतृत्व केले. दोन मार्गांच्या यंत्रावर वादकांना एकत्र बसवूनच वाजवून घ्यावे लागते, चूक झाली की सर्वांनी पुन्हा प्रारंभापासून वाजवायचे. त्या काळच्या मुंबईतील वादकांना त्यात नवे काही नव्हते, कारण चित्रपटगीतांचे ध्वनिमुद्रण याच रीतीने, गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी घेऊन होत असे. पहिल्या वा दुसऱ्या प्रयत्नात निर्दोष वाजवणे ही त्यांच्या पोटापाण्याची अट होती. अल्बममधील मुंबईच्या भागाला जो ताजेपणा आहे, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी या सवयीला द्यावे लागेल.

स्टुडिओ पूर्णपणे ध्वनिरोधक नव्हता. रस्त्यावरील वाहनांचा आवाज आत येत असे. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इमारतीतील कार्यालये सुटली की जिन्यावरून उतरणाऱ्या लोकांच्या पावलांचा आवाज इतका होई की काम थांबवावे लागे, अशी आठवण हॅरिसन यांनी सांगितली आहे. फोर्टातील कचेऱ्या सुटण्याची वेळ ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या तक्रारीचे नवल वाटणार नाही.

चित्रपटाचे काम अपेक्षेपेक्षा लवकर आटोपले, तेव्हा हॅरिसन यांनी उरलेल्या वेळात आणखी काही रागाधारित तुकडे ध्वनिमुद्रित केले. त्यांपैकी एक 'दि इनर लाइट' या गीताचा वाद्यसाज ठरला. प्राचीन चिनी ग्रंथ 'ताओ ते चिंग'मधील ४७ व्या अध्यायावर हे गीत आधारलेले आहे. तो अध्याय केंब्रिजचे संस्कृत पंडित हुआन मास्कारो यांनी हॅरिसन यांना सुचवला होता. गायन फेब्रुवारीत लंडनमध्ये झाले आणि मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना' या बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूस ते प्रकाशित झाले. बीटल्सच्या एकल तबकडीवर आलेले हॅरिसन यांचे हे पहिलेच गीत. त्यातील बासरी हरिप्रसाद चौरसिया यांची आहे.

वादक

मुंबईच्या ध्वनिमुद्रणाशी निगडित वादकांमध्ये सरोदवादक आशिष खाँ हे अली अकबर खाँ यांचे पुत्र आणि मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ यांचे नातू. तबला व पखवाज वाजवणारे महापुरुष मिश्र हे अली अकबर खाँ यांचे नेहमीचे साथीदार होते. शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य यांनी सतार, शिवकुमार शर्मा यांनी संतूर, चंद्रशेखर यांनी सूरबहार, एस. आर. केंकरे यांनी बासरी, विनायक व्होरा यांनी तारशहनाई आणि रिजराम देसाद यांनी हार्मोनियम व तबलातरंग वाजवले. सनईवर शरद आणि हनुमान ही जोडी होती. शंकर घोष यांचेही नाव यादीत आहे.

यांतील काही वाद्ये सामान्य वाचकाच्या परिचयाची नसतील. सूरबहार हे सतारीच्याच घडणीचे, परंतु आकाराने मोठे आणि खर्ज स्वरांचे वाद्य; संथ आलापीसाठी ते विशेष शोभते. तारशहनाई नावात शहनाई असूनही फुंकून वाजत नाही. ते इसराजासारखे गजाने वाजवायचे तंतुवाद्य आहे; घोडीजवळ बसवलेल्या ध्वनिपेटीतून आणि कर्ण्यातून त्याचा आवाज बाहेर पडतो, म्हणून तो सनईसारखा तीक्ष्ण वाटतो. तबलातरंगात वेगवेगळ्या स्वरांत लावलेले अनेक तबले अर्धवर्तुळात मांडून त्यांवर चाल वाजवली जाते. संतूर हे काश्मीरमधील सूफी संगीतातले वाद्य शिवकुमार शर्मा यांनी शास्त्रीय मैफलीत आणले. १९६८ साली ते मैफलीच्या श्रोत्यांसही तसे नवीनच होते.

अल्बमविषयीच्या इंग्रजी लेखनात टोपणनावे घेतलेल्या दोन पाश्चात्त्य वादकांची चर्चा अधिक होते: 'एडी क्लेटन' म्हणजे एरिक क्लॅप्टन आणि 'रिची स्नेअर' म्हणजे रिंगो स्टार. भारतीय वादकांनी टोपणनावे घेतली नव्हती, तरी त्यांची ओळख अधिक पुसट राहिली. रोमन लिपीत इंद्रनील यांचे 'इंद्रिल' झाले. सनईवादक हनुमान यांचे आडनाव 'जादेव' असे लिहिले जाते, मराठी वाचकाला त्यातून 'जाधव' आणि 'जयदेव' असे दोन्ही वाचता येते.

दुसरा प्रश्न कर्तृत्वाचा आहे. अल्बममधील सर्व रचना हॅरिसन यांच्या नावावर आहेत. 'ड्रीम सीन'सारख्या, स्टुडिओत फितींची जुळवाजुळव करून घडवलेल्या रचनेबाबत हे योग्यच आहे. परंतु 'गत किरवाणी' किंवा 'तबला अँड पखवाज' या तुकड्यांबाबत तसे सरळ म्हणता येत नाही. हिंदुस्थानी संगीतात राग कोणाच्या मालकीचा नसतो, गत बहुधा परंपरेने आलेली असते आणि त्या क्षणीचा विस्तार वादकाचा असतो. हॅरिसन यांनी प्रसंग सांगितला, लांबी ठरवली, वाद्ये निवडली, ही भूमिका संगीत-दिग्दर्शकाची म्हणता येईल. याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी: मुंबईच्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे येत, वाद्यवृंदातील वादकांची क्वचितच येत. हॅरिसन यांनी निदान वादकांची यादी दिली.

संगीताचे स्वरूप

अल्बममध्ये १९ वाद्यरचना असून एकूण कालावधी सुमारे ४५ मिनिटे आहे. पहिल्या बाजूस दहा आणि दुसऱ्या बाजूस नऊ रचना आहेत. त्यांची मांडणी आलटूनपालटून आहे: एक भारतीय तुकडा, लगेच एक पाश्चात्त्य. सनईच्या गंभीर सुरांनी उघडणाऱ्या 'मायक्रोब्ज'नंतर 'रेड लेडी टू' ही पियानोप्रधान रचना येते. तालवाद्यांच्या छोट्या संवादानंतर 'इन द पार्क' हा निवांत तुकडा, आणि त्यापाठोपाठ जुन्या अमेरिकन गुत्त्यातील पियानोची आठवण करून देणारे 'ड्रिलिंग अ होम'. प्रथम ऐकताना हा क्रम विस्कळीत वाटतो. भिंतीच्या अलीकडचे आणि पलीकडचे जग, ही चित्रपटाची कल्पना ध्यानात ठेवून ऐकले म्हणजे त्यातील संगती कळते.

लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या पाश्चात्त्य भागात लिव्हरपूलच्या 'रेमो फोर' या वाद्यवृंदाने मुख्य साथ केली. 'काउबॉय म्युझिक' या तुकड्यात टॉमी रायली यांचे माउथ ऑर्गन आहे आणि त्याचा बाज अमेरिकन लोकसंगीताचा आहे. 'स्कीइंग' या रचनेत क्लॅप्टन यांची घोगऱ्या नादाची गिटार एकाच आधारस्वराभोवती घुटमळते. लगेच पुढे 'गत किरवाणी' सुरू होते. किरवाणी हा मूळचा कर्नाटक संगीतातील राग; कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद हे त्याचे स्वर पाश्चात्त्य 'हार्मोनिक मायनर' स्वरश्रेणीशी जुळतात, म्हणून तो पाश्चात्त्य कानांना परका वाटत नाही. या दोन तुकड्यांचे शेजारीपण हे अल्बममधील सर्वांत यशस्वी स्थळांपैकी एक आहे. दोन संगीतपद्धती येथे मिसळत नाहीत, शेजारी उभ्या राहतात आणि तरीही नाते दाखवतात.

'लव्ह सीन'मध्ये आशिष खाँ यांची सरोद दोन थरांत ऐकू येते. एकदा वाजवलेल्या भागावर त्यांनीच दुसऱ्यांदा वाजवून उत्तर दिले आहे, म्हणजे ही एकाच वादकाची जुगलबंदी. मैफलीत अशक्य असलेली ही गोष्ट ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने शक्य झाली. त्यानंतरच्या 'क्राइंग'मध्ये तारशहनाई अक्षरशः हुंदके देते. 'गुरुवंदना' हे शीर्षक बहुधा पाश्चात्त्य श्रोत्यांना उमगले नसेल. मराठी श्रोत्याला मात्र ते खुलासा न करता कळते.

साडेपाच मिनिटांची 'ड्रीम सीन' ही अल्बममधील सर्वांत दीर्घ रचनांपैकी एक आणि सायकेडेलिक संगीताचे ठळक उदाहरण आहे. १९६६–६८ या काळात रॉक संगीतात जाणिवेच्या बदललेल्या अवस्था नादातून सुचवण्याचा प्रयत्न झाला, त्याला ही संज्ञा लावतात. उलट्या फिरवलेल्या फिती, अचानक तुटणारे आवाज, लांबत जाणारा एकच आधारस्वर ही त्याची साधने. 'ड्रीम सीन'मध्ये भारतीय गायन, वाद्ये आणि उलट्या फिती एकमेकांत मिसळतात. बीटल्सची 'रेव्होल्यूशन ९' ही प्रसिद्ध नादकृती त्यानंतर काही महिन्यांनी तयार झाली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अल्बमचा शेवट 'सिंगिंग ओम' या ॐकाराच्या उच्चाराने होतो.

येथे एक गल्लत टाळली पाहिजे. तंबोऱ्याचा अखंड आधारस्वर पाश्चात्त्य तरुणांना त्या काळी धुंदीचा नाद वाटला, भारतीय श्रोत्याला तो स्वरस्थानांची शिस्त देणारा पाया वाटतो. रविशंकर यांनी रागसंगीताची अमली पदार्थांशी सांगड घालण्यास वारंवार आणि स्पष्ट शब्दांत विरोध केला. मुंबईत वाजवणाऱ्या वादकांनी सायकेडेलिक संगीत वाजवले नाही, ते त्यांच्या रोजच्या अभ्यासातले संगीत वाजवत होते. त्याला सायकेडेलिक अर्थ मिळाला तो लंडनमधील जुळणीत.

भारतीय बाजूनेही याच काळात असे प्रयोग होत होते. शंकर–जयकिशन या संगीतकार जोडीचा 'राग-जॅझ स्टाइल' हा वाद्यसंगीताचा अल्बम १९६८ मध्येच एच.एम.व्ही.ने काढला. त्यात तोडी, भैरव, मालकंस, शिवरंजनी, भैरवी आदी ११ रागांवर आधारित रचना असून रईस खाँ यांची सतार आणि मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांतील वादकांचे सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ड्रम्स असा मेळ आहे. दोन्ही अल्बम एकत्र ऐकले असता फरक चटकन जाणवतो. शंकर–जयकिशन दोन शैली एकाच रचनेत विणतात, हॅरिसन यांनी बहुतेक ठिकाणी त्या वेगळ्या ठेवल्या.

मुखपृष्ठ

मुखपृष्ठावरील चित्र अमेरिकन चित्रकार बॉब गिल यांचे आहे. विटांच्या उंच भिंतीच्या एका बाजूस काळा कोट व हॅट घातलेला गृहस्थ उभा आहे, दुसऱ्या बाजूस स्नान करणाऱ्या भारतीय स्त्रिया आहेत. भिंतीतील एक वीट काढून टाकावी, म्हणजे त्या गृहस्थाला पलीकडे पाहण्याची संधी मिळेल, असे हॅरिसन यांनी सुचवले. पलीकडच्या जगाचे हे चित्रण पौर्वात्य स्वप्नरंजनाच्या जुन्या वळणाचे आहे. आतील संगीत त्यापेक्षा कितीतरी अधिक जबाबदार आहे.

प्रकाशन आणि उत्तरकाल

चित्रपटाचा पहिला खेळ मे १९६८ मध्ये कान महोत्सवात झाला, लंडनमधील प्रदर्शन जानेवारी १९६९ मध्ये झाले. अल्बम ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर १९६८ रोजी आणि अमेरिकेत त्याच वर्षी डिसेंबरमध्ये प्रकाशित झाला. ब्रिटनमध्ये तो विक्रीच्या यादीत आला नाही. अमेरिकेत 'बिलबोर्ड'च्या यादीत ४९ व्या स्थानापर्यंत पोहोचला. तीनच आठवड्यांनी बीटल्सचा 'व्हाइट अल्बम' म्हणून ओळखला जाणारा दुहेरी अल्बम आल्याने त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पॉल मॅकार्टनी यांनी 'द फॅमिली वे' या चित्रपटाला दिलेल्या संगीताचा अल्बम त्याआधी १९६७ साली निघाला होता. मात्र तो जॉर्ज मार्टिन यांच्या वाद्यवृंदाच्या नावाने प्रकाशित झाला होता.

हॅरिसन यांनी यानंतर सतारवादनाचा नाद हळूहळू सोडला आणि गिटारकडे परतले. भारतीय वादकांशी त्यांचे नाते मात्र टिकले. १९७४ मध्ये त्यांनी रविशंकर यांच्या भारतीय वादकमंडळाचा युरोप-दौरा प्रायोजित केला. त्या मंडळात शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हे दोघेही होते.

अल्बमचे सी.डी. रूपात पुनर्प्रकाशन १९९२ मध्ये झाले. २०१४ च्या आवृत्तीत 'दि इनर लाइट'च्या मुंबईतील वाद्यसाजाची वेगळी प्रत आणि 'ऑलमोस्ट शंकरा' ही तोवर अप्रकाशित राहिलेली रचना समाविष्ट करण्यात आली. ब्रिटिश वाद्यवृंद 'ओएसिस' यांच्या १९९५ मधील 'वंडरवॉल' या लोकप्रिय गीताचे शीर्षक याच अल्बमवरून घेतलेले आहे.